जमातीतला गळलेला ‘त’

शटर हळूहळू वर जातं. आधी दिसतात बूट, मग निळे गणवेश, मग माणसांची तोंडं. आतली थंडगार वाफ बाहेर लोटते आणि दुबईतल्या जबल अलीच्या जुलैच्या उन्हात विरून जाते. त्या वाफेतून, अंगात जाड कोट आणि कपाळावर घाम अशा थाटात, एक पांढऱ्या दाढीचा माणूस पुढे येतो. प्रवेश असावा तर असा. कुणी टाळ्या वाजवत नाही, कारण मासळीचे खोके उतरवायचे असतात.

हा हमदुल्ला. रत्नागिरीकडच्या खाडीकाठच्या गावातला, या शीतगोदामाचा फोरमन. त्याच्या हाताखालची निम्मी माणसं त्याच्याच गावची. बहुतेकांना कंपनीत त्यानेच लावलेलं. आणि या सगळ्यांची मिळून एक जमात. परक्या मुलखात गावच्या माणसाने गावच्या माणसाला धरून राहायचं, म्हणून त्यानेच ती उभी केली. प्रत्येकाने सही करून कंपनीला लेखी कळवलेलं, की आमच्या पगारातून दरमहा पन्नास दिरहम कापा, म्हणजे आपले साडेअकराशे रुपये. ते कंपनीकडेच साठत. कुणाच्या घरी आजारपण आलं, कुणाची मय्यत गावी न्यायची झाली, की हमदुल्ला हेड ऑफिसला फोन करी आणि पैसे सुटत.

पोरं त्याची चेष्टा करीत. ट्रक चालवणारा उझैर त्यात सगळ्यांत वात्रट. तो म्हणे, आमचा चाचा फोरमन नाही, न्हावी आहे, महिन्याला एकदा बिनपाण्याने करतो. हमदुल्ला ओठांतल्या ओठांत हसे. ही थट्टा त्याला सलामासारखी वाटे.

त्या वर्षी कंपनीने पगाराचं सॉफ्टवेअर बदललं. हेड ऑफिस दुबई सिलिकॉन ओएसिसमध्ये. तिथे पगाराचं काम बघणारी विभावरी पुण्याची, कंपनीत नवी, कामाला चोख. कपातीचं नाव जुन्या यंत्रात इंग्रजी अक्षरांत पुरतं लिहिलेलं होतं, JAMAT, ‘जमात’. नव्यात चारच अक्षरांची जागा. शेवटचा ‘त’ गळला आणि उरलं ‘जमा’. एखाद्या इंग्रजाला किंवा अरबाला त्या चार अक्षरांतून काहीच कळलं नसतं आणि त्याने विचारलं असतं. विभावरीला मराठी येत होतं, तिथेच घात झाला. जमा म्हणजे जमा, असं म्हणून तिने ती रक्कम कापायच्या ऐवजी पगारात मिळवायच्या बाजूला टाकली.

आणि गोदामातल्या मराठी माणसांनी मोबाइलवर पगाराची पावती उघडली, ‘जमा पन्नास’ वाचलं आणि त्यांनाही बरं वाटलं. जमातीत जमा झाले, खलास. ओव्हरटाइममुळे पगार दर महिन्याला वेगळा. त्यात पन्नास वर की खाली, कोण बघतो? सगळ्यांनी अगदी बरोबर वाचलं होतं.

असं वर्ष सरत आलं. मध्ये दोघांच्या घरची दुखणी निघाली, साठलेल्यातून भागली. मग एका सकाळी हमदुल्लाच्या मुलीचा, रुकय्याचा, गावाहून फोन आला. अम्मीच्या काळजाची झडप बदलायला हवी, डॉक्टर म्हणतात उशीर नको. त्याच्या बायकोने, हलिमाने, तिच्या हातातून फोन घेतला आणि त्याला सांगितलं की तसं काही नाही, पोरगी घाबरते.

हमदुल्लाची शिल्लक रुकय्याच्या लग्नात आणि घराच्या स्लॅबमध्ये गेलेली. आयुष्यात पहिल्यांदा त्याने स्वतःसाठी जमातीचा आकडा विचारला. विभावरीने फोनवर तो सांगितला. त्याने पुन्हा विचारला, तिने पुन्हा तोच सांगितला. असायला हवा होता त्याच्या पावपटही नव्हता.

मॅडम, पोरांनी नावं काढून घेतली का, एवढं त्याने विचारायला हवं होतं. त्याने विचारलं नाही. उत्तर त्याने मनाशी आधीच ठरवून टाकलं होतं. पोरं कंटाळली. तोंडावर बोलवेना म्हणून परस्पर ऑफिसला कळवून मोकळी झाली. न्हाव्याची थट्टा आता त्याला वेगळीच ऐकू येऊ लागली.

त्याच आठवड्यात उझैरचा बाप चिपळूणला झटका येऊन पडला. उझैर रडत हमदुल्लाकडे आला. जमातीत होतं तेवढं हमदुल्लाने त्याला देऊन टाकलं. गावच्या जेवणावळीत वाढणारा शेवटी जेवतो, ही त्याच्या घराण्याची रीत. पातेल्यात काही उरलं नाही तर वाढणारा तसाच उठतो.

हलिमाला त्याने फोनवर सगळं सांगितलं, पोरांनी हात काढून घेतल्याचंही.

“आपली पोरं तशी नाहीत,” ती म्हणाली. “तुम्ही विचारून तर बघा.”

“ज्यांनी हात काढून घेतला त्यांच्यापुढे मी हात पसरू?”

“नका पसरू. नुसतं विचारा.”

पुढेही दर फोनला ती हेच सांगत राहिली, आणि तो विषय बदलत राहिला. कर्जासाठी त्याने अर्ज केला, तो मंजूरही झाला. इन्शाल्ला पुढच्या आठवड्यात दवाखान्यात भरती करू, असं ठरलं. त्या आठवड्याच्या आत हलिमा गेली. हमदुल्ला पोहोचला तेव्हा कबरीवरची माती अजून ओली होती.

तो परत आला, कोट चढवला, कामाला लागला. पोरं सभोवती घोटाळत. त्यांना वाटे चाचा दुःखाने मुका झालाय. तो मात्र त्यांच्याकडे न पाहता फक्त खोके मोजी.

वर्षाचे हिशेब तपासले गेले तेव्हा चूक सापडली. विभावरी ती ईमेलने कळवू शकली असती. ती गाडी करून जबल अलीला आली, गोदामाच्या कँटीनमध्ये हमदुल्लासमोर बसली आणि खाली मान घालून सगळं बोलली. हलिमाची बातमी तिला ऑफिसात कळली होती. समोरचा चहा कुणी उचलला नाही.

हमदुल्लाने पैशांचं काही विचारलं नाही. “म्हणजे नाव कुणी काढलं नव्हतं?”

“एकानेही नाही, हमदुल्लाभाई.”

पलीकडच्या टेबलावर उझैर आणि बाकीचे जेवत होते. त्यांच्याकडे तो बघत राहिला, घरी परतलेला माणूस आपल्या दाराकडे बघतो तसा. मग त्याने हलकेच चहाचा कप विभावरीपुढे सरकवला.

“प्या, मॅडम, निवतोय,” तो म्हणाला. “तुमचा फक्त एक ‘त’ गळला. हलिमा शेवटपर्यंत सांगत होती, विचारून तर बघा.”