मामांच्या कोटात माझा हात

आमच्या आत्याच्या नवऱ्यावर सिनेमा निघतोय, हे सुनेनं सांगितलं तेव्हा मी भाकरी थापत होते. मला वाटलं, चेष्टा करतेय. त्यांना आम्ही मामा म्हणायचो. म्हणायचो म्हणजे काय, माझ्या जन्माआधीच ते गेलेले. मुके सिनेमे निघायचे त्या काळात त्यांनी कुठूनसा दांडा फिरवायचा कॅमेरा आणला, कॅसलरॉकला आगगाडीतून उतरवला आणि आमच्याकडची भाताची लावणी, नदी, माणसं असलं सगळं त्यात धरलं. पुढं त्यांना कुणी विचारलं नाही. आता म्हणे कुणाला तरी जुन्या कागदांत त्यांचं नाव सापडलं, आणि पुण्याहून एक पोरगी सिनेमा करायला आली. डायरेक्टर तीच. केस बारीक कापलेले, पण बोलायला गोड.

ती रामनगरला आमच्या घरी आली, चहा प्याली, वही उघडली. मी सहज बोलून गेले, "मामांनी कॅमेरा आणला हे खरं, पण दांडा आत्या फिरवायची."

तिचं लिहिणं थांबलं. "आजी, हे कुणी सांगितलं तुम्हाला?"

"आत्यानंच की."

म्हटलं खरं, पण लगेच माझं मला कोडं पडलं. आत्या असं नक्की कधी म्हणाली? ती आमच्याच घरी राहायची, मला जात्यावर समोर बसवायची. माझा हात कधी जोरात जायचा, कधी ढिला पडायचा. मग ती ओवी थांबवून ओरडायची, "एकसारखा फिरव गं! घाई केलीस तर मानसं झोपतील. दमलीस तर पळत सुटतील." पिठात कुठली माणसं, मला काही कळायचं नाही. म्हातारी जरा चळलीय असं मी आईला सांगितलंही होतं, आणि आईची एक खाल्ली होती.

हे सांगितल्यावर पोरीच्या डोळ्यांत चमक आली. "म्हणजे फिल्मचा वेग! आजी, अजून काही? एखादी पट्टी, फोटो?"

आता इथं मला खाली मान घालावी लागली. पट्ट्या होत्या, पत्र्याच्या गोल डब्यात. एका वर्षी भात पिकायला आलं आणि पाखरांचे थवेच्या थवे उतरायला लागले, तेव्हा आत्यानंच डबा माझ्यापुढं सरकवला, "जा, बांध शेतात." मी काठ्यांना बांधल्या. वाऱ्यावर अशा चमकायच्या, पाखरू फिरकलं नाही. बांधायच्या आधी एक पट्टी मी उन्हाकडं धरून बघितली होती. विहिरीपाशी कोट घातलेला मिशाळ माणूस. एकाखाली एक, तोच माणूस, तोच कोट. मी विचारलं, "ह्यो कोन?" आत्या म्हणाली, "तुझा मामा."

एवढं बोलले आणि माझी मीच थबकले. मामा जर विहिरीपाशी उभे, तर दांडा कुणाच्या हातात?

पोरगी जवळ सरकली. "ती पट्टी कुठंय आजी?"

"शेतात."

"शेत कुठंय?"

"सुप्याच्या धरणात."

तिनं वही मिटली. म्हणाली, "माझा विश्वास आहे तुमच्यावर. पण उद्या कुणी विचारलं तर मी दाखवू काय?" तिच्या सिनेमाच्या गोष्टीत आत्या होती, नाही असं नाही. दारात कंदील घेऊन उभी राहायची आणि डोळे पुसायची. आत्याला मी कधी डोळे पुसताना बघितलं नाही, पण ते तरी कशावरून सांगू? मी एकच मागणं केलं, "एकदा तरी तिचा हात त्या दांड्यावर दाखव गं बाई." ती हो म्हणाली नाही, नाही पण म्हणाली नाही.

कॅसलरॉकला शूटिंग लागलं तेव्हा आम्हा नवराबायकोला जीप पाठवून बोलावलं. मामा झालेला नट देखणा होता, मिशी पट्टीतल्यासारखीच. मला तर एकदम पदर सावरावासा वाटला. पण त्याला दांडा काही जमेना. नुसत्या हाताचं जवळून चित्र घ्यायचं होतं. एक फेरा भरभर, दुसरा रखडत. कॅमेरावाला डोक्याला हात लावून बसला. मला राहवलं नाही, "अरे, मानसं पळाली बघ तुझी!"

पोरगी वळून माझ्याकडं बघत राहिली. मग म्हणाली, "आजी, तुम्ही फिरवता?"

मी धरला दांडा. जात्याच्या खुंट्यापेक्षा हलका. मनात ओवी धरली आणि हात आपोआप लागला. कॅमेरावाला म्हणाला, "हाच हात पाहिजे." माझा जीव एवढा मोठा झाला! तोवर एकीनं मामांचा कोट आणला आणि म्हणाली, "आजी, बांगड्या काढा."

म्हणजे हात माझा, पण तो मामांचा म्हणून दाखवायचा.

बांगड्या मी काढणार नाही म्हटलं, नवरा जिता आहे माझा. आमचे मालक बाकड्यावरून ओरडले, "काढ की, मी काय लगेच मरतोय व्हय?" सगळे हसले. पण मी नाहीच काढल्या. कोपरापर्यंत वर सरकवल्या, रुमालानं आवळल्या, वरनं कोट चढवला आणि फिरवला दांडा. आता का फिरवला विचाराल, तर मला सांगता येत नाही. नाही म्हटलं असतं, तर त्या नटाचा हात राहिला असता. हो म्हटलं, तर आत्याला मीच कोटात झाकलं. दोन्हीतलं कुठलं बरोबर, मला अजून उमगलेलं नाही.

मग छोट्या टीव्हीवर त्यांनी ते लावलं. कॅमेरावाल्यानं बोट ठेवलं, "बाहीत काहीतरी फुगलंय. परत घेऊ या." बांगड्याच त्या, कोपराशी गोल उठून दिसत होत्या.

पोरगी बराच वेळ बघत होती. एकदा त्या बाहीकडं, एकदा माझ्याकडं. म्हणाली, "राहू दे. असंच राहू दे."

घरी येताना मी मालकांना विचारलं, "तिला कळलं म्हणून ती तसं म्हनाली, का ऊन उतरलं म्हणून?"

"ऊन तर उतरलंच होतं," ते म्हणाले.