सूचना, रजिस्टर पोस्टाने

कोथरूडला आमच्या वरच्या मजल्यावर एक गृहस्थ राहतात. विधानसभेत नवं विधेयक आलं की त्यांचा आयटीतला मुलगा त्याची प्रत छापून आणतो आणि हे ती शेवटच्या पानापासून वाचतात. "दंड कुणाला होणार ते आधी बघावं," म्हणतात. ग्राहकांचं विधेयक असो की सरकारी कंत्राटांचं, समितीने सूचना मागवल्या की यांचं रजिस्टर पत्र जाणारच. पोस्टाच्या सगळ्या पावत्या फायलीत लावलेल्या आहेत. उत्तर मात्र एकदाही आलेलं नाही.

मी एकदा म्हटलं, "अहो, आमदार कुठे वाचतात हे?"

"वाचणं त्यांचं काम. माझं लिहायचं."

यंदा शाळांच्या फीवर मर्यादा घालणारं विधेयक आलं. त्यात नर्सरी वगळली होती. तीही घ्यावी, अशी सूचना लिहून ते माझ्याकडे सहीसाठी आले. मी पेन उघडलं आणि थांबलो. खाली पार्किंगशेजारच्या दोन खोल्यांत यांच्या सूनबाईंचीच नर्सरी आहे.

"सूनबाईंना माहीत आहे?"

"टाइप तिनेच केलंय. माझ्या दोन चुकाही काढल्या."

मी सही केली.

दुपारी नर्सरी सुटल्यावर पाकीट घेऊन पोस्टात सूनबाईच गेल्या. एरवी त्या वेळी झोपणारे हे गॅलरीत उभे होते. त्या फाटकातून आत येताच त्यांनी वरूनच विचारलं, "पावती घेतलीस?"

"घेतली, बाबा. कायदा झाला की मला नोटीस येईल. तीही त्याच फायलीत लावा."