झेंडा जाईल तिकडे

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या, म्हणजे मला नीट सांगता येईल. ही गोष्ट मस्कतमधल्या यच्चयावत मराठी घरांत माझ्याआधी पोचलेली आहे आणि प्रत्येक घरात मी थोडा थोडा जास्तच मूर्ख होत गेलोय. परवा निझव्याला एका दुकानात अनोळखी माणसाने विचारलं, "झेंडेवाले कर्णिक तुम्हीच का हो?" तेव्हा खरं काय झालं ते एकदा माझ्या तोंडून ऐका. चहा घ्या आधी.

तर मी रुवीत एका कन्सल्टन्सीत ड्राफ्ट्समन आहे. दिवसभर बिल्डिंगांचे पाइप काढतो आणि संध्याकाळी वादी अदाईला घरी येतो. सरळ माणूस. गेल्या वर्षी या सरळ माणसाला एक वेड लागलं.

अमेरिकेत ड्रम कोर नावाचा प्रकार असतो. शे-दीडशे पोरं ड्रम आणि पितळी वाद्यं घेऊन मैदानावर चालतात. वाजवता वाजवता त्यांचा गोल होतो, गोल फुटून लाट होते, लाटेचं चक्र होतं, आणि कोणी कोणाला धडकत नाही. ही नक्षी आखणारा जो असतो तो ड्रिल डिझायनर. काय एकेक माणसं होऊन गेलीत! एकाने म्हणे लष्करी सरळ रांगा मोडून मैदानावर वळणं आणली. दुसऱ्याने झेंड्यांना असं नाचवलं की लोक वादकांकडे बघायचेच विसरले. तिसऱ्याने ऐन भरात सगळ्यांना दगडासारखं उभं केलं आणि नुसत्या शांततेवर टाळ्या घेतल्या. मी जेवतानाही मोबाइलवर तेच बघायचो.

"अहो, बोटं आमटीत आहेत तुमची," मेधा म्हणायची. मेधा म्हणजे आमच्या सौभाग्यवती.

पण मला आमटी कुठली दिसतेय? मला वाटायला लागलं, जो माणूस पाइप वळवतो त्याला माणसं वळवणं काय अवघड आहे? आणि नेमकी तेव्हाच आमच्या मंडळाच्या ढोल-ताशा पथकाला संधी चालून आली.

आमचं पथक आजवर हॉलमध्ये वाजवायचं. एसी, गालिचे, आणि आवाज कमी व्हावा म्हणून ढोलावर टॉवेल. टॉवेल टाकून ढोल वाजवणं म्हणजे तोंडाला रुमाल बांधून गाणं म्हणणं. पथकप्रमुख सुप्रियाताई वर्षानुवर्षं उघड्या मैदानासाठी खटपट करत होत्या. शेवटी त्यांच्या कंपनीचे मालक, म्हणजे त्यांचे अर्बाब, म्हणाले, माझं मैदान आहे, तिथल्या मेळाव्यात एकदा वाजवा. मी स्वतः येऊन बघतो. आवडलं तर दर वर्षी मैदान तुमचं. नाही आवडलं तर खलास.

"कर्णिक, ही एकच संधी आहे," ताई म्हणाल्या. "तुमची ती नक्षी बसवा, पण घोळ नको."

"ताई, तुम्ही निर्धास्त राहा," मी म्हणालो. हे वाक्य माझ्या तोंडून निघालं की मेधा देवाला दिवा लावते.

मी मोर आखला. ढोलांचा पिसारा, ताशांची मान. आमरातच्या पलीकडच्या मोकळ्या जागेत तालीम सुरू झाली आणि पहिल्याच दिवशी मोराची कोंबडी झाली. कारण काय? पोटाशी ढोल बांधला की माणसाला स्वतःचे पाय दिसत नाहीत. त्यात आपली माणसं. एक जण मध्येच फोन घेतोय, एक वहिनींना हात करतोय, तिसरा विचारतोय, "इकडून कशाला जायचं, तिकडून जवळ पडतं की."

मग मी उपाय काढला. हातात एक उंच पिवळा झेंडा घेतला आणि नियम केला: झेंडा जाईल तिकडे पथक जाईल. झेंडा थांबला की त्याच्याभोवती गुंडाळी करायची. झेंडा खाली केला की ठेका दुप्पट. वाजवणं थांबवायचं ते फक्त दोनदा फिरवला तरच. प्रश्न विचारायचे नाहीत. मी मुद्दाम झेंडा घेऊन काटेरी झुडपांत जायचो, आणि "कुठे चाललोय?" असं जो विचारेल त्याला मैदानाला फेरी. महिन्याभरात अशी शिस्त आली की मी शिंक आवरायला थांबलो तरी भोवती गुंडाळी व्हायची.

"माणसं डोकी घरी ठेवून येतायत तुमच्यामुळे," सुप्रियाताई म्हणाल्या.

"तेच तर पाहिजे, ताई."

आमची इरा ताशावर होती. ती नववीत आहे, मराठी बोलते ते जरा चाचपडत. तिने विचारलं, "बाबा, पण तूच चुकलास तर? देन हू डू वी फॉलो?"

मी तिच्या डोक्यावर हात ठेवून म्हणालो, "बाळा, ड्रिल डिझायनर चुकत नसतो." जीभ झडली नाही माझी तेव्हा.

मेळाव्याच्या दिवशी आम्हाला निघायलाच उशीर झाला. झेंड्याची काठी गाडीच्या खिडकीतून बाहेर, मागच्या काचेवर मोराचा नकाशा चिकटवलेला. पार्किंग भरलेलं. मी गाडी गेटापाशीच लावली. आत्ता येऊन हलवतो म्हटलं. झब्ब्याला खिसा नाही, म्हणून किल्ली मेधाच्या पर्समध्ये टाकली आणि पळालो. अर्बाब वाटेत होते, पण वेळ झाली होती. सुरू करा, असा निरोप आला.

आणि काय सांगू, सुरुवात अप्रतिम झाली. गोल झाला, लाट झाली, लोक खुर्च्यांवर चढले. मग माझा लाडका क्षण आला, शांतता. झेंडा दोनदा फिरवला आणि सगळे ढोल एकदम थांबले. अख्खं पथक दगड. झेंडा हलला की सगळ्यांनी वाजवत उसळायचं आणि मोर उलगडायचा. मैदानात टाचणी पडली तरी ऐकू आली असती.

टाचणी पडली नाही. लाउडस्पीकर बोलला.

"जिनकी सफेद गाडी गेट के सामने खडी है, फौरन हटाइये. चीफ गेस्ट बाहर अटके हैं. गाडी के पीछे मोर का नक्शा लगा है."

ओमानमध्ये प्रत्येक दुसरी गाडी सफेद असते. पण मोर एकाच गाडीवर होता. ज्यांच्या एका शब्दावर आमचं मैदान अवलंबून होतं, त्यांनाच मी दाराबाहेर अडवून ठेवलं होतं. मी मागचापुढचा विचार न करता गेटाकडे धूम ठोकली.

हातात काय होतं? बरोबर.

मला वाटलं, आपण लांब जातोय तसा ढोलांचा आवाज कमी होईल. तो कमी होईना. पार्किंगच्या वळणावर मागे वळून पाहिलं तर अख्खं पथक, शिस्तीत, एका लाटेत, दोन गाड्यांच्या मधून माझ्यामागे. कोणाच्याही चेहऱ्यावर प्रश्न नाही. मीच शिकवलं होतं ना?

मी गाडीपाशी थांबलो. झेंडा थांबला, गुंडाळी झाली. आता माझ्या गाडीभोवती ढोलांचे तीन वेढे, मध्ये मी, आणि वेढ्याला बंपर टेकवून उभी अर्बाबांची लांबलचक गाडी. किल्ली पर्समध्ये, पर्स मेधाकडे, मेधा पार मैदानाच्या टोकाला. मी ओरडलो, "थांबा!" ढोलांपुढे कोण ऐकतंय? घाबरून झेंडा खाली केला तर ठेका दुप्पट झाला. दोनदा फिरवायचा असतो हे मला आठवलंच नाही, आणि नियम माझाच होता. इरा ताशा बडवत माझ्याकडे बघत होती आणि मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तेवढ्यात गाडीचं दार उघडलं. अर्बाब उतरले आणि वेढ्यातून वाट काढत माझ्यासमोर उभे राहिले. मला माफी मागायची होती. माफी मागायला हात जोडावे लागतात, हात जोडायला दोन्ही हात मोकळे लागतात. म्हणून मी काय करावं? झेंडा त्यांच्या हातात दिला.

त्यांनी झेंड्याकडे पाहिलं, पथकाकडे पाहिलं. चेहरा खुलला. झेंडा उंच केला, म्हणाले, "यल्ला," म्हणजे चला, आणि मैदानाकडे चालायला लागले. पथक उलगडून त्यांच्यामागे. माझी पोरगीसुद्धा.

मी हात जोडून गेटावर एकटा. मैदानातून जो काही जल्लोष ऐकू आला तो मी आयुष्यात विसरणार नाही. थोड्या वेळाने मेधा किल्ली घेऊन आली.

"किल्ली हवी होती तर फोन करायचा," ती म्हणाली. "अख्खं पथक कशाला पाठवलंत?"

अर्बाब बेहद्द खूश होते. पाहुण्याला थेट गेटावरून वाजतगाजत आणायची ही कल्पना कोणाची, असं त्यांनी विचारलं. सुप्रियाताई माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "सर, ती आपोआप सुचली." मैदान दर वर्षीसाठी मिळालं. मला इतका आनंद झाला की गाडीत बसून डोळे पुसले.

यंदाच्या कामांची वाटणी परवाच झाली. झेंडा अर्बाब धरणार, त्यांनीच मागून घेतलाय. इराने मीटिंगमध्ये हात वर करून शुद्ध मराठीत सांगितलं, "ते चुकत नाहीत." आणि ड्रिल डिझायनर कर्णिक? माझ्याकडे पार्किंग आहे.