एक्क्याण्णव वेळा एक

माझ्या थोरल्या बहिणीवर अन्याय झाला. १९८१ साली, दिवाळीच्या सुट्टीआधीच्या शेवटच्या शनिवारी, नाशिकमधल्या आमच्या शाळेत, तिसऱ्या तासाला. ती दहावीत होती. आमचे सर आले नव्हते म्हणून आम्हा नववीवाल्यांना दहावीच्या वर्गात कोंबलं होतं. तेव्हा हे ऐकीव नाही.

आंतरशालेय गणित स्पर्धेला शाळेतून एकच जण पुण्याला जायचा होता. गणिताच्या सरांनी तिचं नाव दिलं होतं, पण तोंड वाकडं करून. त्या तासाला त्यांनी फळ्यावर एक हा अंक सलग एक्क्याण्णव वेळा लिहिला. फळा पुरेना, ओळ खाली उतरली. दोन, तीन, पाच, सात, अकरा, तेरा, कशानेच भाग जात नाही हे दाखवून त्यांनी हात झटकले. "मूळ संख्या. लिहून घ्या."

ताई उभी राहिली. "सर, भाग जातो. अकरा लाख अकरा हजार एकशे अकराने."

वर्ग फिदीफिदी हसला. मागून कोणीतरी ओरडलं, "आणि वर सव्वा रुपया!"

"सात वेळा एक लिहिला की तो आकडा होतो," ती म्हणाली. "एक्क्याण्णव म्हणजे सात-सातचे तेरा गट. पताकांच्या दोरीसारखे. प्रत्येक गटाला भाग जातो, मग सगळ्या दोरीला जाणारच. तेरा-तेराचे सात गट केले तरी संख्या फुटते."

"पताका? अगं बाई, हे गणित आहे, तुमच्या जयंतीचं डेकोरेशन नाही. कोणी सांगितलं तुला?"

"कोणी नाही, सर. दिसलं."

"दिसलं म्हणे! आम्हाला इतक्या वर्षांत नाही दिसलं ते!"

तिने खडू घेऊन भागाकार मांडला. एक, मग सहा शून्यं, पुन्हा एक, पुन्हा सहा शून्यं. तिसऱ्या एकावर सरांनी डस्टर फिरवलं. "पाठ करून आलीय. असली चोरी पुण्यात चालत नाही." नाव कापलं. दुसराच गेला.

घरी वडील म्हणाले, "वर्ष त्यांच्या हातात आहे, बाळा. गप राहा." ती गप राहिली ती राहिलीच. दहावीनंतर गणित सुटलं. आता, दहा वर्षांनी, चांदवडला सासरी असते. मागच्या महिन्यात मी विचारलं, "ताई, तो आकडा आठवतो?"

"कुठला आकडा?" म्हणाली आणि कांदा चिरत राहिली. चेहऱ्यावर काहीच हललं नाही. मला त्याचीच भीती वाटते.

मला तो आकडा सोडत नाही. दिंडोरीकडे जाताना द्राक्षबागांचे खांब दिसतात, एक, एक, एक, आणि तोंड आपोआप सात-सात मोजू लागतं. मध्येच बाग संपते आणि मोजणी अर्धवट तुटते. उरलेले कुठे गेले? ती संख्या तेव्हाही संयुक्त होती, आजही आहे. डस्टरने तिचा एकही भाजक पुसला गेला नाही. माझी बहीण तेवढी पुसली गेली.

ते सर अजून तिथेच शिकवतात. यंदाही एकच नाव जाणार आहे. तुमचं पोर त्या शाळेत असेल तर सोमवारी जा. मुख्याध्यापकांच्या समोर बसा आणि सांगा: सगळ्यांना एकच पेपर द्या, वर्गादेखत तपासा, ज्याचं बरोबर त्याला पाठवा. 'बघू' म्हणाले, तर उठू नका.