बर्फात फिरणारी तार

वानखेडे काकांवर लिहायचा अधिकार खरं तर मला नाही. मी त्यांचा नातेवाईक नाही, सहकारी नाही. त्यांच्या मुलीच्या, स्नेहलताईंच्या घरातल्या छोट्या खोलीचा भाडेकरू, एवढीच ओळख. शिवाय आमच्या घरात कॉलेजात गेलेला मीच पहिला, त्यामुळे छापून येईल असं लिहायची सवय नाही. चुकलं तर सांभाळून घ्यावं.

काका वर्ध्याकडे लाइनमन होते. निवृत्तीनंतर, गेल्या हिवाळ्यात, ते डब्लिनजवळ सिटीवेस्टला लेकीकडे आले. मी विजेच्या तारांवर साचणाऱ्या बर्फाचा अभ्यास करतोय हे कळल्यावर त्यांचे प्रश्न थांबेनात. जन्मभर त्यांनी उन्हानं सैल पडलेल्या तारा ओढल्या होत्या. बर्फाच्या ओझ्यानं तार तुटते, हे त्यांना नवीन होतं. "बर्फ तं वरून पडते, मंग तारेच्या खाली कसा काय चिकटते?" मी म्हणालो, माझ्या गणितात तो फक्त एका बाजूलाच साचतो. "तू पाह्यलं?" ... मी पाहिलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मागच्या अंगणात तार बांधली. लांब तारेला मध्ये पीळ बसतो तसा इथेही बसावा म्हणून टोकं मुद्दाम ढिली ठेवली, आणि तारेवर मधोमध एक लाल काडी उभी बांधली. शेजारच्या आयरिश आजीबाईंनी कुंपणावरून मला विचारलं, तुमचे हे गृहस्थ कपडे वाळत कधी घालणार? काकांना सांगितलं, तर म्हणाले, "त्यायले सांग, बर्फ वाळत घालतो."

एका दुपारी ओला बर्फ पडला. आम्ही चहाचे कप घेऊन स्वयंपाकघराच्या दारात उभे होतो. तारेवर बर्फ साचत गेला आणि ती काडी घड्याळाच्या काट्यासारखी हळूहळू कलू लागली. एका बाजूच्या भारानं तार फिरत होती, कोरी बाजू वर येत होती, तिच्यावर नवा बर्फ बसत होता... तासाभरात तारेभोवती मनगटाएवढी जाड नळी तयार झाली. "तुह्या गणितात तार फिरते का रे?" माझं वर्षभराचं काम न फिरणाऱ्या तारेवर उभं होतं. आता गाइडला काय सांगू, मी विचारलं. "जे दिसलं थे सांग. मी खांबावर चुकलो असतो तं खाली उतरलोच नसतो. तुले निदान चहा भेटला."

गाइड मॅडम रागावल्या नाहीत. उपाय शोध आणि दाखव, एवढंच म्हणाल्या. काकांना वाटलं, तारेला खाली वजन टांगलं तर ती फिरणार नाही, आणि एकाच बाजूला साचलेला बर्फ आपल्याच भारानं गळून पडेल. बर्फाळ देशांत अशी वजनं खरंच लावतात, हे मला पुस्तकात सापडलं. काका जरा हिरमुसले. "म्हणजे कोनाले तरी आधीच सुचलं." मग म्हणाले, "आपल्या डोयानं तं पाहू." हत्यारांच्या पेटीतला एक गंजका नट टांगून आणि तशीच लाल काडी लावून त्यांनी शेजारी दुसरी तार बांधली. पण पुन्हा बर्फ पडलाच नाही, आणि व्हिसा संपल्यावर ते परत गेले. त्यानंतर दर रविवारी फोन यायचा, "पडला का?" मे महिन्यातसुद्धा.

या हिवाळ्यात, एका रविवारी, अखेर पडला. पहिल्या तारेभोवती तीच जाड नळी. नटवाल्या तारेवरची काडी मात्र ताठ उभी, तार जवळजवळ मोकळी, आणि खाली गवतावर गळालेल्या बर्फाची लांब रेघ. मी फोटो पाठवला. दहा मिनिटांत काकांचा फोन आला: "वा. नटाचं वजन किती होतं रे? लय जड असन तं तार वढल्या जाईन."

अंदाजे सांगता आलं असतं. पण त्यांना अंदाज कसा सांगायचा... सोमवारी लॅबमधल्या काट्यावर तोलून नीट कळवतो, असं मी त्यांना सांगितलं.

सोमवारी काट्यावर नट ठेवला आणि आकडा स्थिर व्हायची वाट पाहत होतो, तेवढ्यात स्नेहलताईंचा फोन आला. "बाबा गेले रे. सकाळी, चहा घेता घेता." मग म्हणाल्या, "आई सांगत होती, काल सगळ्या गल्लीला तू पाठवलेला फोटो दाखवला त्यांनी. म्हणत होते, उद्या वजन कळते."