वर्गात न बांधलेली झोळी

बाळांनो, वाढदिवसाचे पैसे इकडच्या मुलांच्या संस्थेला पाठवू का, असं तुम्ही काल विचारलंत, म्हणून हे आजच लिहिते आहे. पाठवू नका.

मी इंग्रजी शिकलेली, म्हणून हीच संस्था आपले अहवाल माझ्याकडून लिहून घ्यायची. अंकुशनगरजवळ ऊसतोड कामगारांच्या कोप्यांशेजारी, म्हणजे पाचटाच्या झोपड्यांशेजारी, त्यांनी शाळा उघडली होती. पहाटे आईबाप उसाच्या फडात गेले की तान्ही भावंडं थोरल्या बहिणीकडे असतात, त्यामुळे मुली कडेवर लेकरू घेऊनच शाळेत यायच्या. त्यातली दहा वर्षांची एक पोरगी महिन्याभरात वाचायला लागली होती.

मग देणगीदार येणार म्हणून संस्थेचे साहेब आले. अहवालासाठी मी वर्गातच होते, तर मला म्हणाले, "बाई, हे पाळणाघर वाटतंय. लेकरं आत नकोत."

पोरगी म्हणाली, "मंग कुठं ठिवू? बैलाच्या पायात?"

मी म्हटलं, "वर्गातच झोळी बांधू. दोरी आणि जुनं लुगडं पुरेल."

"झोळी प्रकल्पात बसत नाही," साहेब म्हणाले. देणगीदारांच्या नावांची रंगीत भिंत मात्र बसली.

दुसऱ्या दिवसापासून ती पोरगी आली नाही, लेकरं सांभाळणाऱ्या बाकीच्या मुलीही आल्या नाहीत. साहेबांनी गावातल्या शाळेतली मुलं आणून बसवली, फोटो काढले आणि मला 'उपस्थिती पूर्ण' असं लिहायला सांगितलं. मी अहवालाचे कागद न लिहिताच परत केले.

पुढच्या हंगामात ती फडात मोळ्या बांधताना भेटली. तिला अजून वाचता येतं. जोडाक्षर आलं की अडते.