बर्फाचं माप आणि दहाव्याचा कावळा

माझी शाळा चौथीपर्यंतची. बर्फ मी रसवंतीवर तेवढा बघितलेला. तरी हिमालयातल्या बर्फाच्या मापाचं काम माझ्या रानात चालतं, असं शेवगावच्या बाजारात सांगितलं की लोक आधी माझ्या तोंडाचा वास घेतात.

पुण्याहून एक म्याडम आली होती. तिनं सांगितलं ते असं. वर एक यान फिरतं. ते रडारच्या लहरी खाली सोडतं, त्या बर्फावर आदळून माघारी जातात, त्यावरून डोंगरावर बर्फ किती ते काढतात. पण यान नीट बघतंय का, हे तपासायला जमिनीवर पक्की खूण लागते. ती खूण म्हणजे तीन पत्रे कोपऱ्यात जोडलेला, आभाळाकडं आ वासलेला सांगाडा. लहर आत शिरली की आली तशी परत.

मी विचारलं, "बर्फ तिकडं, आन् पत्रा हितं कशाला?"

"आजोबा, खुणेला सपाट, कोरडी, मोकळी जागा लागते. तुमच्या रानात काहीच नाही."

हे मी जन्मभर सरकारला सांगत आलो. ऐकून खूश झालेली ही पहिलीच.

माझं काम पत्रा रिकामा ठेवायचं. कावळे त्यात तारांची घरटी करायचे, आणि तार आली की खूण बिघडते. म्हणून मी गोफण घेऊन बसायचो. आमची मंडळी मात्र रोज सकाळी त्याच कावळ्यांना भाकरी टाकायची. ती चिडायची, "मी बोलावते आन् तुमी धोंडे मारता. त्यांनी समजायचं काय?"

"त्यांना सांग, बर्फाचं काम हाय."

"मग बर्फाला सांगा, हितं भाकरीचं हाय."

पौषात ती गेली. चुलीवर चहा ठेवला आणि बसल्या जागी मान टाकली. चहा उतू जायला लागला, तो मीच उतरवला.

आम्हाला मुलगा नाही, एक लेक. म्हणून दहाव्याला पिंड मीच ठेवला, आमच्याच रानात, तिला जिथं अग्नी दिला तिथंच. पिंडाला कावळा शिवला म्हणजे माणूस समाधानानं गेलं. नाही शिवला, तर काहीतरी अडकलंय.

कावळे होते. लिंबावर रांगेनं बसले होते. खाली एकही येईना.

मग एकेकानं तिला शब्द द्यायला सुरुवात केली. लेक मला दादा म्हणते. ती म्हणाली, "आई, दादाला मी संभाळीन." कावळा हलला नाही. मेहुणा म्हणाला, "आक्का, तुझी म्हैस इकणार न्हाई." नाही. मी पुढं होऊन हात जोडले, तर लिंबावरचे सगळेच उडाले. परत येऊन बसले. मी पुन्हा हात जोडले, पुन्हा उडाले.

तेवढ्यात फोन वाजला. म्याडम. "आजोबा, आत्ता यान यायचंय. रानात गाड्या, भांडी असलं धातूचं काही नाही ना? खूण बिघडेल."

रानात दोन जीपा, एक टेम्पो आणि भावकीची सगळी पितळ.

"हितं कावळा यायचाय," मी म्हणालो.

"मग हाकला ना!"

"आज हाकलायचा न्हाई बाई, बोलवायचाय." आणि पिंडाकडं वळून बायकोला बोलून गेलो, "ए, ऐकतीस का? तो पत्रा उपटून टाकतो, पण ये!"

"काढू नका, आजोबा!" फोन ओरडला. कावळा तरी आला नाही. भटजी दर्भाचा कावळा करायला बसले. मी म्हणालो, "गवताला काय भूक लागती? ठेवा ते."

मेहुण्याची बायको बराच वेळ लिंबाकडं बघत होती. ती म्हणाली, "दाजी, तुमी हात उचलला की उडत्यात. त्यांना वाटतंय, गोफण हाय."

सगळे माझ्याकडं बघायला लागले. माझ्याच बायकोच्या दहाव्याला मला जायला सांगायचं कसं, म्हणून जो तो शेजारच्याला कोपरानं ढोसायला लागला. शेवटी मेहुणा म्हणाला, "आक्का तुमाला जन्मभर हेच म्हणायची की, 'अहो, जरा बाजूला व्हा.'" कुणीतरी फिसकन् हसलं. लेक रडता रडता हसली.

मी कडब्याच्या गंजीमागं जाऊन बसलो. तिथून पिंड दिसत नव्हता. दोन्ही हात मांडीखाली दाबून धरले. मला तिला जे बोलायचं होतं ते पुढं उभं राहून बोलता येत नव्हतं, म्हणून कडब्याला बोललो. पंखांचा आवाज आला. एक, मग लई.

"शिवला!" माणसं ओरडली. लेक गंजीपाशी आली. "दादा, कुठलाच शब्द लागू पडला न्हाई. तुमी गेलात आन् आला. चला आता."

मी उठलो नाही.

"खाऊन होऊ दे तिचं," मी म्हणालो.